दोन-तीन स्टार घेऊन बास्केटबॉल टीम कशी बांधायची

लातूर-नांदेडकडं सकाळी सहाला उठून एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल बघणारी पोरं आता वाढायलीत, आणि बऱ्याच जणांचं एकच म्हणणं, तीन मोठे प्लेयर आणा की झालं काम. तसं नसतंय. 2004 ला लेकर्स टीमकडं शॅक, कोबी, मलोन, पेटन असे चौघं स्टार होते तरी डेट्रॉइटनं सात मॅचची फायनल 4-1 नं काढली.

आधी ठरवा बॉल कुणाच्या हातात राहणार. बॉल एकच, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 24 सेकंदाचं, एका विहिरीवर तीन मोटारी बसवल्या म्हणून पाणी तिप्पट येत नाही. म्हणून दुसरा-तिसरा स्टार घेताना त्याचे पॉइंट नंतर बघा, बॉल हातात नसताना तो काय करतो ते आधी बघा, स्क्रीन लावतो का (साथीदारासाठी डिफेंडरची वाट अडवतो का), कट मारतो का (बास्केटकडं झटकन पळतो का), का नुसता उभा राहून पासची वाट बघतो. 2016 ला ड्युरंट गोल्डन स्टेट टीमला आला अन् लगेच फिट बसला, कारण तिथले करी आणि थॉम्पसन बॉल नसताना पण सारखे पळायचे, डिफेन्सला दम घेऊ देत नव्हते. मायामीत उलटं होतं, लेब्रॉन आणि वेड दोघांनाही बॉल लागायचा, 2011 ची फायनल डॅलसकडून हरले, मग वेडनं लेब्रॉनला पुढं केलं, तिसरा स्टार बॉश सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या उंच माणसाच्या जागेवर, खेळायला लागला आणि 2012, 2013 दोन्ही टायटल आले. वेडसारखं मागं सरकायला लै मोठं मन लागतं, असा माणूस आहे का ते साइन करायच्या आधीच बघा.

आता पैसा. सॅलरी कॅप म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची लीगची मर्यादा, आणि मॅक्स पगार म्हणजे एका प्लेयरला जास्तीत जास्त अनुभवानुसार त्या कॅपच्या 25, 30 नाहीतर 35 टक्के, तिघं मॅक्सवाले घेतले की कॅप जवळपास संपली, आणि टीम तर 15 जणांची असते. त्यात लीग आणि प्लेयर यांच्यातल्या 2023 च्या करारानं सेकंड ॲप्रन, म्हणजे कॅपच्याही बरीच वरची पगाराची रेषा, आणलं, त्या रेषेच्या वर गेलात की ट्रेडमध्ये (टीमांच्या अदलाबदलीत) दोन-तीन प्लेयरचे पगार एकत्र लावून मोठा प्लेयर आणता येत नाही. फिनिक्सनं ड्युरंट, बुकर, बील असे तिघं ठेवले आणि 2024 ला पहिल्याच राउंडला मिनेसोटानं 4-0 नं घरी पाठवलं. म्हणून एक तरी स्टार स्वस्तात हवा. करीचा 2012 चा करार 4 वर्षांला 44 मिलियन डॉलरचा होता, घोट्याच्या दुखापतींमुळं तेवढ्यावर झाला, पुढं तोच सगळ्या टीमला कामी आला.

राहिलेल्या जागांवर डिफेन्स करणारे आणि लांबून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारणारे भरा. गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वोडाला हा प्लेयर 2015 चा पूर्ण सीझन बेंचवरून आला आणि फायनलचा एमव्हीपी (सगळ्यात भारी प्लेयर) झाला! आपल्याकडं जिल्ह्याच्या टीमला पण प्रत्येक कॉलेजचा टॉप स्कोरर उचलतेत आणि रिबाउंड काढणारं (हुकलेला शॉट पकडणारं) पोरगं घरीच राहतं, हे बदलायलाच पाहिजे.

रोटेशन, म्हणजे कोण कधी आत-बाहेर, असं लावा की मॅचच्या 48 मिनिटांत कायम एक तरी स्टार कोर्टवर राहील, आणि शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाकडं जाणार ते प्रॅक्टिसलाच सगळ्यांसमोर सांगून ठेवा.