एफड्यूप्स वापरून दुबार फायली शोधणे आणि जपून काढणे

फोन बदलताना घेतलेली सगळ्या फोटोंची प्रत, जुन्या लॅपटॉपवरून उचलून आणलेला आख्खा फोल्डर, तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून आलेली एकच पीडीएफ, डाउनलोड्समध्ये एकाच नावापुढे कंसात १ आणि २ लागलेल्या फायली: काही वर्षे वापरात असलेल्या संगणकावर अशा दुबार प्रती साचतातच. त्या डोळ्यांनी शोधणे अशक्य नसले तरी अत्यंत कंटाळवाणे असते आणि कंटाळलेला माणूस चुकीची फाइल पुसतो. हे शोधकाम संगणकावर सोपवावे आणि कोणती प्रत ठेवायची हा निर्णय मात्र स्वतःकडे ठेवावा, या धोरणाने लिनक्सवरील एफड्यूप्स हे टर्मिनलमध्ये चालणारे छोटे साधन कसे वापरायचे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

एफड्यूप्स हा एड्रियन लोपेझ यांनी सी भाषेत लिहिलेला मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. त्याचे नाव इंग्रजीत एफ, डी, यू, पी, ई, एस असे लिहितात. उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एफड्यूप्स’ एवढ्या कमांडने तो बसतो (सुडो म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे); फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ वापरावे, मॅकवर होमब्रू या प्रोग्राम बसवण्याच्या साधनातून घ्यावा आणि विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत, उबुंटू बसवून त्यात चालवावा. पुढील सर्व कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये तेच इंग्रजी शब्द स्मॉल अक्षरांत टाइप करावेत; एका शब्दाच्या किंवा पर्यायाच्या आत जागा सोडू नये, दोन शब्दांमध्ये मात्र सोडावी. फोल्डरची नावे मात्र देवनागरीत असली तरी चालतात. प्रत्येक पर्यायाचे एकाक्षरी रूपही उपलब्ध आहे, परंतु त्यात स्मॉल एस आणि कॅपिटल एस यांचे अर्थ वेगळे, स्मॉल एन आणि कॅपिटल एन यांचेही वेगळे, आणि यांपैकी एक अक्षर थेट फायली पुसण्याशी संबंधित आहे. म्हणून सराव होईपर्यंत दोन वजाचिन्हांनी सुरू होणारी पूर्ण रूपेच वापरावीत.

दुबार कशाला म्हणायचे, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेकांची निराशा किंवा नुकसान याच ठिकाणी होते. एफड्यूप्स फाइलचे नाव पाहत नाही; आतील मजकूर बाइटगणिक तंतोतंत सारखा असेल तरच तो दोन फायलींना दुबार मानतो. व्हॉट्सअ‍ॅपने लहान करून पाठवलेला फोटो आणि कॅमेऱ्यातील मूळ फोटो आपल्या डोळ्यांना एकच असले, तरी त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली आहेत. एखाद्या प्रोग्राममधून फोटो फिरवून सेव्ह केला किंवा गाण्याच्या फाइलमध्ये गायकाचे नाव भरले, की तीही वेगळी झाली. उलट, दस्तऐवज म्हणून पाठवलेली पीडीएफ सहसा जशीच्या तशी पोहोचते आणि म्हणून ती नेमकी सापडते.

नावाकडे न पाहण्याचा मराठी वापरकर्त्याला एक खास फायदा होतो. ‘पायऱ्या’ या नावातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्डांवर नुक्ता असलेल्या ऱ-ला हलन्त लावून, तर काहींवर साध्या र-ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे आहेत; त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये ‘पायऱ्या’ नावाच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात आणि नावाने शोध घेतल्यास त्यांतील एकच हाती लागण्याची शक्यता असते. एफड्यूप्सला याने काहीच फरक पडत नाही.

आतून त्याचे काम चार पायऱ्यांत चालते. आधी फायलींचे आकार ताडून पाहिले जातात, कारण आकार कळायला फाइल उघडावी लागत नाही. आकारच वेगळा असेल तर ती जोडी तेथेच बाद होते. आकार जुळलेल्या फायलींच्या सुरुवातीच्या छोट्या भागाची एमडी५ खूण, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी ओळख, काढली जाते, ती जुळली तर संपूर्ण फाइलची खूण काढली जाते आणि तीही जुळली तर शेवटी दोन्ही फायली बाइटगणिक ताडल्या जातात. ही शेवटची पायरी मोलाची आहे. एमडी५ ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि दोन वेगळ्या मजकुरांची एकच खूण निघू शकते हे २००४ मध्ये प्रत्यक्ष दाखवून देण्यात आले. त्यामुळे केवळ खुणेवर विसंबून फाइल पुसणे मला तरी पटत नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. समजा, होम फोल्डरमध्ये ‘फोटो’ नावाचा फोल्डर आहे आणि त्यात ‘लग्न’, ‘मोबाइल’, ‘जुना-लॅपटॉप’ असे उपफोल्डर आहेत. पहिली कमांड केवळ अंदाज घेण्यासाठी द्यावी:

एफड्यूप्स --रिकर्स --नोएम्प्टी --समराइज फोटो

यातील पहिला पर्याय उपफोल्डरांतही उतरायला सांगतो. तो विसरल्यास फक्त वरच्या पातळीवरील फायली तपासल्या जातात आणि काहीच दुबार नाही असा गैरसमज होतो. दुसरा पर्याय रिकाम्या फायली वगळतो. शून्य बाइटच्या सर्व फायली एकमेकींशी तंतोतंत जुळतात, त्या काढून जागाही मिळत नाही आणि काही प्रोग्रामांना त्या आपापल्या जागी असाव्याच लागतात. म्हणून हा पर्याय नेहमी द्यावा. तिसऱ्या पर्यायामुळे एकाच ओळीत उत्तर येते: किती दुबार फायली, किती संचांत आणि त्यांनी किती जागा अडवली आहे. हा आकडा थोडक्या मेगाबाइटचा असेल तर पुढचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा खरोखरच मोठी अडलेली असेल तर सविस्तर यादी काढावी:

एफड्यूप्स --रिकर्स --नोएम्प्टी --साइज फोटो > यादी

या कमांडने काहीही पुसले जात नाही. ‘यादी’ नावाची फाइल तयार होते आणि तिच्यात प्रत्येक संचाचा आकार, त्याखाली त्यातील फायलींचे मार्ग आणि दोन संचांमध्ये एक रिकामी ओळ असते. बाहेरची यूएसबी डिस्क मोठी आणि संथ असेल तर या कामाला बराच वेळ लागतो. अशा वेळी --मिनसाइज=१०४८५७६ असा पर्याय जोडावा; त्यामुळे एक मेगाबाइटपेक्षा लहान फायली विचारात घेतल्या जात नाहीत. हा आकडा बाइटमध्येच आणि इंग्रजी अंकांत द्यावा लागतो.

ही यादी वाचण्याला घाई करू नये, कारण मजकूर सारखा असला म्हणजे त्या प्रतीचे कामही सारखेच असते असे नाही. बाहेरच्या डिस्कवर मुद्दाम ठेवलेली प्रत ही राखीव प्रत आहे, तिला दुबार समजून पुसणे म्हणजे स्वतःच केलेली तरतूद मोडणे होय. म्हणून मूळ फोल्डर आणि त्याची राखीव डिस्क हे दोन्ही एकाच कमांडमध्ये कधीही देऊ नयेत. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेशी जोडलेल्या फोल्डरमधून फाइल पुसली की ती फोनवरून आणि इतर संगणकांवरूनही जाते. संगणकप्रणालीच्या फोल्डरांत, तसेच एखाद्या प्रोग्रामच्या मूळ कोडच्या फोल्डरात सारख्या फायली ठिकठिकाणी असणे हे तेथील कामकाजाचाच भाग असते. त्यांना हातही लावू नये. होम फोल्डर आख्खा तपासायचाच असेल तर --नोहिडन देऊन लपलेल्या फायली बाहेर ठेवाव्यात. आणि परवानगी नाही असा संदेश आला तर लगेच सुडो लावून कमांड पुन्हा देऊ नये. ज्या फोल्डरात आपल्याला शिरू दिले जात नाही, तेथे आपल्या घरच्या फोटोंच्या प्रती असण्याचा संभव फार कमी असतो.

यानंतर पुसण्याची कमांड:

एफड्यूप्स --रिकर्स --नोएम्प्टी --डिलीट --प्लेन फोटो

आवृत्ती २ पासून --डिलीट दिल्यावर पूर्ण पडदा व्यापणारा इंटरफेस उघडतो. --प्लेन दिल्यास जुन्या पद्धतीप्रमाणे एकेक संच ओळींत समोर येतो आणि नवख्या माणसाला तीच पद्धत समजायला सोपी जाते. समजा, एक संच असा आला:

[१] फोटो/जुना-लॅपटॉप/आयएमजी_०१२.जेपीजी
[२] फोटो/लग्न/हळद ०१२.जेपीजी
[३] फोटो/मोबाइल/आयएमजी_०१२.जेपीजी

खाली कोणत्या फायली राखायच्या असे विचारले जाते. येथे जरा थांबावे. आपण देतो तो आकडा ठेवायच्या फाइलचा असतो, पुसायच्या फाइलचा नव्हे. ‘हळद’ हे नाव कोणीतरी विचारपूर्वक दिलेले आहे आणि ती योग्य फोल्डरातही आहे, म्हणून २ टाइप करून एंटर दाबावे. लगेच दुसऱ्या फाइलपुढे अधिकचिन्ह आणि उरलेल्या दोहोंपुढे वजाचिन्ह दिसते. म्हणजे त्या दोन्ही गेल्या. दोन प्रती ठेवायच्या असल्यास स्वल्पविराम देऊन दोन आकडे द्यावेत आणि निर्णय होत नसेल तर ‘ऑल’ लिहून सगळ्या तशाच राहू द्याव्यात. मधेच काम थांबवता येते, परंतु तोवर ज्या संचांचा निकाल लागला त्यांतील फायली परत येत नाहीत. एफड्यूप्स कचरापेटीत काहीही टाकत नाही, फाइल सरळ पुसतो. नव्या आवृत्त्यांत --लॉग= आणि पुढे फाइलचे नाव दिले की काय ठेवले आणि काय पुसले याची नोंद राहते; ती जरूर ठेवावी.

संच शेकड्यांनी असतील तर --डिलीट सोबत --नोप्रॉम्प्ट देण्याचा मोह होतो. मग प्रोग्राम काहीच न विचारता प्रत्येक संचातील पहिली फाइल ठेवतो आणि बाकीच्या पुसतो. कमांडमध्ये आधी लिहिलेल्या फोल्डरातील फाइल ती ‘पहिली’ असे पुष्कळजण गृहीत धरतात, पण तसे नाही. मुळात क्रम लावला जातो तो फाइल शेवटची बदलल्याच्या वेळेनुसार, आणि सर्वांत जुनी ती पहिली. टर्मिनलमध्ये साध्या सीपी कमांडने केलेल्या प्रतीला नवी वेळ मिळते, तर अनेक फाइल मॅनेजर जुनीच वेळ राखतात. त्यामुळे वरच्या उदाहरणात ‘हळद’ राहील की ‘जुना-लॅपटॉप’मधील फाइल, हे सांगणे कठीण. --ऑर्डर=नेम दिल्यास क्रम नावानुसार लागतो. हा मार्ग धरायचाच असेल तर त्याआधी तीच कमांड --डिलीट आणि --नोप्रॉम्प्ट वगळून, --ओमिटफर्स्ट देऊन चालवावी. संचातील पहिली फाइल सोडून उरलेल्या, म्हणजे ज्या जाणार आहेत त्याच फायली, यादीत दिसतात. ही यादी फायली पुसणाऱ्या आरएम कमांडकडे थेट मात्र वळवू नये: ‘हळद ०१२’सारख्या, मधे जागा असलेल्या नावाचे दोन तुकडे होतात आणि भलतीच फाइल पुसली जाऊ शकते.

प्रोग्रामच्या मॅन्युअलमध्ये दोन इशारे ठळकपणे दिलेले आहेत. --सिमलिंक्स (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवेही तपासण्याचा पर्याय) आणि --डिलीट एकत्र वापरल्यास नुसता दुवा राखला जाऊन त्यामागची खरी फाइल पुसली जाण्याचा धोका असतो. तसेच एकच फोल्डर एका कमांडमध्ये दोनदा दिल्यास तीच फाइल स्वतःचीच दुबार म्हणून दिसू शकते आणि हाती असलेली एकमेव प्रत जाऊ शकते.

दोन्ही ठिकाणी फाइल दिसत राहावी पण जागा एकदाच लागावी अशी गरज असेल, तर पुसण्याऐवजी हार्डलिंक करणे, म्हणजे डिस्कवरील एकाच मजकुराला दोन नावे देणे, श्रेयस्कर, आणि त्यासाठी एफड्यूप्सवरूनच निघालेला जेड्यूप्स हा प्रोग्राम वापरतात. दोन्हींचे पर्याय बरेचसे सारखे असले तरी एका ठिकाणी विशेष सावध राहावे: कॅपिटल एल हे अक्षर एफड्यूप्समध्ये फाइलच्या कमाल आकाराची मर्यादा ठरवते, तर जेड्यूप्समध्ये तेच अक्षर फायलींच्या जागी हार्डलिंक करायला लावते. एका प्रोग्रामसाठी लिहून ठेवलेली कमांड दुसऱ्यात चालवण्यापूर्वी त्याची --हेल्प वाचून घ्यावी. हार्डलिंक केलेल्या फायलींपैकी एकीत बदल केला की तो दुसरीतही दिसतो, म्हणून ज्या फायली पुढे संपादित व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी हा उपाय करू नये. जुने फोटो आणि स्कॅन केलेली पाने यांना तो उत्तम लागू पडतो.