आज शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं?

आधी ताप मोजा, मग औषध द्या. पावसाळ्यात घरोघरी याच्या उलट चालतं. अंग गरम लागलं की पॅरासिटामॉलचं सिरप, पाऊण तासात मूल खेळू लागतं आणि दप्तर पाठीवर चढतं. पण औषधाचा असर चार ते सहा तासांत ओसरतो. माझ्या मुलीला मी एकदा अशीच पाठवली होती. अकराला शाळेतून फोन आला, तेव्हा ती बाकावर डोकं टेकून पडली होती. तेव्हापासून मी पुढच्या क्रमाने ठरवते.

१. थर्मामीटर लावा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. काख कोरडी करून डिजिटल थर्मामीटर बीप वाजेपर्यंत धरा. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर शाळा नाही. काखेतला आकडा थोडा कमीच येतो, त्यामुळे ९९ च्या वर असून मूल मलूल दिसत असेल तरी घरीच ठेवा.

२. रात्र कशी गेली ते आठवा. उलट्या किंवा जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर निदान २४ तास, जमल्यास ४८ तास घरी. खोकून खोकून एकदा कफ उलटून पडणं वेगळं.

३. मुलाकडे नीट बघा. खातंय का, बोलतंय का, दिवसभर बसवेल का? वर्गात बाईंना एकट्या मुलाकडे सतत लक्ष देता येत नाही. ताप नाही, नाक वाहतंय पण खेळणं चालू आहे, तर रुमाल देऊन पाठवा. शेंबूड हिरवट झाला एवढ्यावरून सुट्टी नको. उवा झाल्या म्हणूनही नको, संध्याकाळी उपचार सुरू करा. पोट फक्त शाळेच्या दिवशी दुखत असेल, तर जवळ घेऊन शाळेत काय चाललंय ते विचारा.

४. अंग आणि डोळे तपासा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, साधारण ५ ते ७ दिवस. गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड आले असतील, तर ताप जाऊन मूल नीट खाऊ लागेपर्यंत थांबा.

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती. डोळे आलेल्याकडे बघितल्याने डोळे येत नाहीत, ते हात, रुमाल, टॉवेल यांतून येतात. लहान मुलाला डोळ्यांना हात लावू नको म्हणून किती सांगणार? चिपडं आणि पाणी थांबेपर्यंत घरीच बरं.

५. परत पाठवण्याची घाई करू नका. औषधाशिवाय २४ तास ताप नसला की शाळा, हा साधा नियम. डेंग्यूच्या दिवसांत मात्र तो पुरत नाही. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, विलक्षण सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. अशा तापात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका. कोणत्याही आजारात दम लागला, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा आठ तास लघवी झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

६. कोण थांबणार, हे रात्रीच ठरवा. अंगात कणकण जाणवली त्याच संध्याकाळी आई, बाबा, आजी, शेजारच्या काकू यांच्यापैकी कोण घरी असेल ते बोलून घ्या. सकाळी व्हॅन दारात उभी असताना निर्णय घाईत होतो. शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र शाळांनी बंद करावं असं मला मनापासून वाटतं. त्या कागदासाठी तापातलं मूल उठून बसतं आणि आपणही त्याला थांबवत नाही.

७. बाईंना आजाराचं नाव कळवा. "बरं नाही" एवढंच लिहू नका. "काल संध्याकाळी कांजिण्या उठल्या" असं लिहिलंत, तर शेजारच्या बाकावरच्या मुलाची आई आज त्याची पाठ बघेल. तिच्या घरी गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, तर ती वेळेत डॉक्टरांना विचारू शकेल.