पान १०४ वरचं गुपित पान २२ वर आणलं तेव्हा

माझी पहिली थ्रिलर पटकथा ११८ पानांची होती आणि तिचं गुपित फुटायचं पान १०४ वर. तोवर मी कुणाला ताकास तूर लागू दिला नव्हता. गोष्ट अशी: पक्षाघाताचा झटका येऊन निपचित पडलेले नाना, त्यांच्या देखभालीला ठेवलेली नर्स शैला, आणि इस्टेटीवर डोळा ठेवून असलेला मुलगा विश्वास. (नाव मुद्दाम तसं ठेवलं होतं. पहिल्या पटकथेत माणूस असले विनोद करतो.) शेवटी कळायचं की नाना गेले कित्येक महिने पूर्ण शुद्धीवर आहेत, हातपाय हलवू शकतात आणि त्यांनी खोलीतलं सगळं बोलणं ऐकलंय. ट्विस्ट माझ्या मते जबरदस्त होता.

पटकथा लिहिण्यात हयात गेलेल्या एका ज्येष्ठ लेखकांना ती वाचायला दिली. ते पान ४० वर थांबले.

"पुढे का नाही वाचलंत?"

"काय वाचू? तू मला काही सांगतच नाहीस. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याने काळजी कशाची करायची?"

मला रागच आला. रहस्य म्हणजे लपवणं, आणि तेच तर मी इमानेइतबारे केलं होतं. महिनाभर मी ती फाईल उघडली नाही. नंतर उघडली तेव्हा माझी मीच पान ३५ च्या आसपास कंटाळले.

गोंधळ असा होता की रहस्य आणि उत्कंठा मी एकच समजत होते. रहस्यात प्रेक्षक मागे असतो. काहीतरी घडून गेलंय, कुणाला तरी ते माहीत आहे, आपल्याला नाही. प्रश्न असतो 'काय झालं होतं?' उत्कंठेत प्रेक्षक पात्राच्या पुढे असतो. त्याला दिसतंय, पात्राला दिसत नाहीये. प्रश्न असतो 'आता काय होणार?' पहिल्या प्रश्नाने डोकं कामाला लागतं, दुसऱ्याने पोटात गोळा येतो. नुसत्या डोक्याच्या जोरावर दोन तास माणूस खुर्चीत बसत नाही.

थ्रिलर सिनेमांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने हिचकॉकच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यात ते आहे. बॉम्ब अवचित फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे त्याला आधी सांगितलं तर १५ मिनिटांची घालमेल. हे सगळेच सांगतात. त्याच मुलाखतींमधली दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. हिचकॉकच्या १९३६ च्या 'सॅबोटाज' सिनेमात एक लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन शहरभर फिरतो आणि तो बॉम्ब खरंच फुटतो. ती आपली चूक होती असं हिचकॉकने स्वतः कबूल केलं, कारण इतका वेळ त्या मुलाची काळजी केलेले प्रेक्षक चिडले. म्हणजे प्रेक्षकाला माहिती देताना आपण त्याच्याशी एक व्यवहारही करत असतो. मला हा भाग पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडला.

तर मी पान १०४ वरचं गुपित उचललं आणि पान २२ वर आणलं. आधीच्या सीनमध्ये शैला नानांच्या गालावरची माशी हाकलते, दार लोटून घेते आणि जाते. मग हे:

'माशी परत येते. नानांच्या गालावर बसते. ओठाकडे सरकते.
नानांचा उजवा हात उठतो. माशी हाकलतो.
हात पुन्हा चादरीवर. त्याच घडीवर. त्याच जागी.'

बस, एवढंच. संवाद नाही, खुलासा नाही. 'त्याच घडीवर' हे दोन शब्द सुचायला मात्र दोन दिवस गेले. हात नुसता हलला असता तर नाना बरे होताहेत असं वाटलं असतं. तो नेमका होता तिथे परत जातो, म्हणून कळतं की हा माणूस नाटक करतोय आणि रोज करतोय.

यानंतर जे झालं त्याने मी थक्क झाले. पान ३१ वर विश्वास नानांच्या उशाशी उभा राहून फोनवर बोलतो, औषधाचा डोस कोणत्या दिवसापासून बदलायचा ते ठरवतो. पूर्वीच्या ड्राफ्टमध्ये हा निव्वळ माहिती देणारा सीन होता. मी त्यात एक अक्षरही बदललं नाही. पण आता वाचणारा विश्वासकडे बघतच नाही, तो नानांच्या पापण्यांकडे बघतो. आणि पान ५८ वर मी माशी पुन्हा आणली. या वेळी विश्वास समोर खुर्चीत बसलेला आहे, माशी नानांच्या पापणीवर आहे आणि विश्वास तिच्याकडे टक लावून बघतोय. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशोब असतो. हा सीन आधी अर्ध्या पानाचा असता, मी तो अडीच पानांचा केला. मी माणसांना कधी नव्हे ते पुढची पानं न चाळता श्वास रोखून वाचताना पाहिलं.

गुपित फोडलं म्हणजे रहस्य संपलं का? तीच भीती मला होती. पण एक प्रश्न सुटला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो. नाना शुद्धीवर आहेत, मग ते कुणाला सांगत का नाहीत? शैलालाही का नाही? हा नवा प्रश्न जुन्यापेक्षा कितीतरी चांगला निघाला आणि त्याचं उत्तर मी शेवटपर्यंत राखून ठेवलं. नवख्यांना माझं एवढंच सांगणं आहे की सगळी गुपितं एका पेटीत कोंबू नका. एक लवकर खर्च करा, तेच पुढच्याला वजन देतं.

आता दुवे पेरण्याबद्दल, कारण इथे मी सर्वांत जास्त ठेचकाळले. दुवा दिसला पाहिजे, पण दुवा म्हणून दिसता कामा नये. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी नानांच्या उशाशी रिकामा ग्लास दाखवायचे आणि वर लिहायचे, 'ग्लासवर क्लोजअप'. म्हणजे जवळजवळ बोटच दाखवायचं. शिवाय कॅमेरा कुठे ठेवायचा ते सांगणं पटकथाकाराचं कामही नव्हे. आता तो ग्लास पान १४ वर भांडणात लपलाय. सून शैलावर खेकसते, "उष्टा ग्लास नानांच्या उशाशी ठेवू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?" शैला म्हणते, "वहिनी, मी भरून ठेवला होता." त्यावर सून, "मग पाणी काय नानांनी प्यायलं?"

खरं उत्तर सरळ बोलून टाकलंय, पण टोमणा म्हणून. वाचणाऱ्याचं लक्ष शैलाच्या अपमानाकडे असतं, त्यामुळे वाक्य कानावर पडूनही निसटतं. पान २२ आलं की ते आपोआप आठवतं. माहिती लपवायची असेल तर ती अंधारात ठेवण्यापेक्षा भांडणात, विनोदात किंवा कामाच्या घाईत ठेवावी.

खरा गुन्हेगार मी आधी पान ८८ वर आणला होता: डोस बदलून देणारा डॉक्टर. वाचणारे म्हणाले, "हा कोण?" इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आलेला असला पाहिजे. मला तो नंतर वाचायला मिळाला. आता डॉक्टर पान ९ वर येतो, खिडकी उघडी ठेवा म्हणून सगळ्यांना झापतो आणि जातो. कंटाळवाणं काम करणाऱ्या माणसावर कुणी संशय घेत नाही.

माझी आणखी एक वाईट खोड होती. शैलाला फोन येतो. "काय? ...नाही... ठीक आहे, येते." फोन ठेवते. पुढची चाळीस पानं आपण तिच्यासोबत आहोत, ती त्या फोनचाच विचार करतेय आणि आपल्याला मात्र पत्ता नाही. हे रहस्य नव्हे, ही लबाडी. ज्याच्या खांद्यावरून आपण गोष्ट बघतोय त्याला जे ठाऊक आहे ते प्रेक्षकापासून लपवायचं, तर त्यामागे त्या पात्राचं काहीतरी कारण हवं. लेखकाची सोय हे कारण होत नाही. असे पाच फोन मी कापले.

कामाची पद्धत विचाराल तर सध्या मी आधी खरी घटना गुन्हेगाराच्या बाजूने, तारीखवार, चार-पाच पानांत लिहून काढते. ती पानं पटकथेत कधीच येत नाहीत, पण ती नसली की क्लायमॅक्सला हमखास भोकं पडतात. मग प्रत्येक सीनसमोर तीन रकाने: पात्राला काय माहीत आहे, प्रेक्षकाला काय माहीत आहे, आणि प्रेक्षकाला काय वाटतंय. तिसरा रकाना मी नंतर वाढवला. पहिले दोन लागोपाठच्या चार सीनमध्ये बदललेच नाहीत तर त्यातले दोन सीन बिनकामाचे आहेत, असं समजून मी कात्री घेते.

आणि फाईलमध्ये 'अचानक' हा शब्द शोधून बघा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये तो ४१ वेळा होता. जिथे जिथे तो होता तिथे आधीची तयारी मी केलेलीच नव्हती.

शेवटी वाचकांविषयी. कुणालाही 'आवडलं का?' विचारू नका, लोक भिडेपोटी हो म्हणतात. मी पान ३० ला थांबवून विचारते, "आता काय होईल असं वाटतं? कुणाची काळजी वाटतेय?" एकदा दोघींनी मला सांगितलं की विश्वास कपाटं धुंडाळत असताना बाहेर पावलं वाजली, तेव्हा तो पकडला जाईल याचीच त्यांना धाकधूक वाटली. तो खलनायक असूनही! हिचकॉकच्याच १९६० च्या 'सायको'मध्ये खून लपवण्यासाठी दलदलीत ढकललेली गाडी बुडता बुडता क्षणभर थांबते, तेव्हा प्रेक्षकाला ती बुडावी असंच वाटून जातं. तेच हे. काम करत असलेल्या माणसाच्या बाजूने आपण नकळत उभे राहतो. मी तो सीन तसाच ठेवला.

अडचण एकच आहे. गोष्ट न वाचलेला माणूस प्रत्येकी एकदाच वापरता येतो. दुसऱ्या वाचनाला त्याला सगळं ठाऊक असतं, मग त्याच्या धाकधुकीचा काही उपयोग नाही. म्हणून सगळ्यांना पहिलाच ड्राफ्ट वाटून टाकू नका, दर ड्राफ्टला दोघं-तिघंच. माझ्या नव्या पटकथेचा हा चौथा ड्राफ्ट आहे आणि माझ्याकडे दोनच कोरे वाचक उरले होते. त्यातली एक माझी बहीण, आणि काल फोनवर बोलण्याच्या भरात मी तिला शेवट सांगून बसले.