जुन्या जनगणनेतून जिल्ह्यातला बदल कसा वाचावा

आधी हद्द तपासा. सर्वाधिक चुका इथेच होतात. 1981 साली औरंगाबादमधून जालना आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे 1971 आणि 1991चे जिल्ह्याचे आकडे थेट शेजारी ठेवले, तर न घडलेलं स्थलांतर दिसू लागतं. तालुकावार आकडे घ्या आणि आजच्या हद्दीनुसार बेरीज करा. तालुकाही फुटला असेल तर गावपातळीवर उतरा. वेळ जातो, पण त्याला पर्याय नाही.

मग व्याख्या. नगरपालिका नसलेलं गाव 'शहर' धरायला किमान 5,000 लोकसंख्या, कामकरी पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला 400 माणसं लागतात.

जातीच्या तक्त्यांत विशेष सावध राहा. 1931 नंतर 2011 पर्यंतच्या जनगणनांत सर्व जातींचे तक्ते छापले गेले नाहीत. त्याआधीही वरचा दर्जा मिळावा म्हणून अनेक समाजांनी नोंदीतलं नाव बदलून मागितलं. एखादी जात दहा वर्षांत अचानक निम्मी दिसली, तर बहुधा माणसं नव्हे, नाव बदललेलं असतं. शेजारच्या नव्या नावाची वाढ जुळवून बघा. 1921ची देशभरातली घट मात्र खरी आहे: 1918ची इन्फ्लुएन्झाची साथ.