थंडीआधी घरगाडीच्या पाण्याची तयारी

डिसेंबरात साताऱ्याहून मेढा, केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालेल्या घरगाडीवाल्याला (आत राहायची, पाण्याची सोय केलेली गाडी ती घरगाडी) पाणी गोठण्याची भीती घातली तर तो हसेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे हिमकण दिसतात ते जेट्टीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर. निरभ्र रात्री वारा पडला की उघडे पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून हिमकण साचतात. गाडीतला नळ त्याने गोठत नाही. पण तीच गाडी जानेवारीत हिमाचलमधल्या स्पितीला न्यायची असेल तर तयारी साताऱ्यातच उरकावी. स्पितीतल्या काझात पारा उणे २० च्या खाली उतरतो, आणि तिथे सांधा फुटला तर पाईप, तो चिकटवायचं सोल्युशन आणि ते वाळायला लागणारी ऊब ही तिन्ही एका वेळी सापडत नाहीत. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद, म्हणजे वाट शिमला-किन्नौरचीच. त्या बर्फाळ रस्त्यावर मागे ट्रेलर ओढत जाऊच नये असं माझं मत आहे. टेम्पो ट्रॅव्हलरमधलं घर एक वेळ चालेल. पाण्याची तयारी मात्र दोन्हींची सारखीच.

आधी गाडीखाली आडवं पडून पाहायचं, पाणी चेसिसखालून कुठेकुठे जातं ते. टाकी खाली टांगलेली असेल तर हिवाळ्यापुरती ती रिकामी ठेवा, आत पलंगाखाली २० लिटरचे दोन कॅन बसवा आणि पंपाचा सक्शन पाईप त्यांत सोडा. भरलेला कॅन गोठायला वेळ घेतो, अर्ध्या इंची नळी घेत नाही. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे जिथे ते कोंडलेलं असतं तिथेच फुटतं: नळाचं आतलं काडतूस (कार्ट्रिज), फिल्टरची वाटी, पंपाचं प्लास्टिकचं डोकं. घरात वापरतो तो सीपीव्हीसीचा कडक प्लास्टिक पाईप थंडीत ठिसूळ होतो. पेक्स हा लवचिक प्लास्टिकचा पाईप थोडा ताण सोसतो. नवीन काम करणार असाल तर पेक्सच घाला.

एसीच्या पाईपवर असतं ते काळं फोमचं आवरण सगळ्या नळ्यांना चढवा, पण त्यावर विसंबू नका. आवरण ऊब तयार करत नाही, असलेली ऊब जायला फक्त उशीर लावतं. नळ्यांभोवती गुंडाळायची, विजेवर तापणारी हीटिंग टेप लावायचा मोह होतो, तेव्हा आधी हिशोब करा. मीटरला १५ वॉटची ३ मीटर टेप म्हणजे ४५ वॉट, १२ व्होल्टवर जवळपास ४ अँपिअर. दहा तासांच्या रात्रीत ती १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळपास ३८ टक्के हिस्सा खाते. शिवाय लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती आतच ठेवा.

खरी तयारी नळ्या रिकाम्या करण्याचीच. सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी सोडायचा ड्रेन कॉक नसेल तर निघण्याआधी बसवून घ्या; प्लंबरला जे काम साताऱ्यात किरकोळ वाटतं त्यावरच पुढची सगळी सहल उभी असते. रात्री झोपण्यापूर्वी कॉक उघडायचा, गरम-थंड दोन्ही नळ सोडायचे, शॉवरचा पाईप खाली लोंबकळू द्यायचा आणि सक्शन पाईप कॅनबाहेर काढून नळातून नुसती हवा फुसफुसेपर्यंत पंप क्षणभर चालवायचा. गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाचा दांडा मधोमध ठेवा, नाहीतर एका बाजूला पाणी अडकून राहतं. गिझरही रिकामा करा आणि पुन्हा भरेपर्यंत त्याचा स्विच लावू नका, नाहीतर कॉइल जळते. गॅस गिझर बंद गाडीत नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गोठून बसतो, म्हणून सिंकखाली बादली ठेवा आणि ती गावकरी सांगतील तिथेच ओता. सिंकखालच्या पाईपच्या बाकात पाणी साचून राहतं; ते गोठू नये म्हणून त्यात गाडीचा कूलंट ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि चवीला गोड असल्याने कुत्री ते चाटतात. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मिळालं तर ठीक, नाहीतर बाक कोरडा करा.

पिण्याचं पाणी नळातून घ्यायचा हट्ट सोडा. बाटल्या पाऊण भरा, झाकण घट्ट लावा आणि रात्री उलट्या ठेवा. बर्फ वर धरतं, म्हणजे सकाळी तोंड मोकळं मिळतं. पिण्याचं पाणी गाळायचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की बाहेरून धड दिसतो, पण आतून चिरलेला असू शकतो. तो रात्री झोपायच्या पिशवीत घ्या, आणि गोठलाच असेल तर सरळ टाकून द्या. नळी गोठली तर कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं, नाहीतर हेअर ड्रायर, ब्लोलॅम्प नको. टेफ्लॉन टेप, चार होज क्लिप, पेक्सचे दोन जोड आणि एक जादा पंप डब्यात टाका. या वस्तू साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास मिळतील, पेक्सचे जोड मात्र आधी सांगून मागवावे लागतील.