मिरगी असताना वावर कसं सांभाळायचं

मिरगीची गोळी मी एकवीस वर्षं घेतोय आणि वावरही करतोय.

फिट आली की माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दुपट्टा द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून लोकांना वाटतं कांदा हुंगवल्याने थांबली. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर 108 ला फोन करा.

विहिरीवर आणि चुलीपाशी एकटं जाऊ नका. गाडी चालवू नका.

खरं अवघड काम गोळीचं. दीड वर्ष एकही फिट आली नव्हती, कापूस वेचणी जोरात होती, गोळ्यांचं पाकीट संपलं. तालुक्याला जायला सवड नाही, आणि आता बरा झालो असंच वाटत होतं. चौथ्या दिवशी धुऱ्यावर पडलो. विहीर आठ पावलांवर होती. गोळी चालू असते म्हणून फिट अडलेली असते. अचानक बंद केली की लागोपाठ येऊ शकतात, त्यात जीवही जाऊ शकतो. दोन-तीन वर्षं फिट नसली तर गोळी कमी करायची का ते डॉक्टर ठरवतात, तीही हळूहळू. बरं वाटतंय म्हणून आपण बंद करायची नाही, कुणीही सांगितलं तरी.

म्हणून आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की नवीन आणतो. दोन दिवसांच्या गोळ्या छोट्या डबीत, शर्टाच्या खिशात असतात; मयतीला, लग्नाला अचानक जावं लागतं. एक गोळी चुकली तर आठवताच घ्या. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडा, दोन एकदम घेऊ नका. एकादशीलाही गोळी घ्यायचीच.

गोळी वेळेवर असूनही मला फिट आली ती जागरणाने. हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाईन रात्रीची. दोन हिवाळे मी हट्टाने रात्रभर मोटरीवर थांबलो आणि दोन्ही वेळा पडलो. आता रात्रीचं पाणी धाकटा भाऊ देतो, बदल्यात दिवसा मी त्याचा कापूस वेचतो. घरात हे स्पष्ट बोलून घ्या. लाज वाटते, मलाही वाटली, पण अंधारात पाटाच्या पाण्यात तोंडावर पडलेला माणूस कुणाला दिसत नाही.