वैनगंगेच्या काठाकाठाने मित्रांसोबत एक दिवस कसा काढायचा

समुद्र आपल्याकडून लांब पडतो, भंडाऱ्याकडून कोकणात जायचं म्हटलं तर शनिवार-रविवार गाडीतच संपतात. पण नजर जाईल तिथवर पाणी पाहायचं असेल तर आपली वैनगंगा आहे ना भाऊ! आंभोरा, गोसेखुर्द अन् पवनी ही तीन ठिकाणं एका दिवसात आरामात होतात, फक्त त्याच क्रमाने करा, नदी जशी खाली जाते तसं आपणही खाली खाली जायचं म्हणजे उलटा फेरा पडत नाही.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. मे महिन्यात दगडी घाटावर पाय ठेववत नाही, तेव्हा हट्ट करू नका.

मग माणसं मोजा. चार-पाच गाड्या पुरेत, त्याहून जास्त झाल्या की अर्धा दिवस एकमेकांची वाट पाहण्यातच जातो. पेट्रोल आदल्या रात्रीच भरून ठेवा, हवा चेक करा, अन् ज्याला रस्ता माहीत आहे त्याला पुढे अन् ज्याच्याजवळ पंक्चरचं सामान आहे त्याला सगळ्यात मागे ठेवा.

सकाळी उजाडताच निघा, भंडाऱ्यात तर्री पोहे खा अन् थेट आंभोरा गाठा. इथे वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी अन् मुर्झा अशा पाच नद्या भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आहे, आधी तिथे जा कारण सकाळच्या उजेडात वरून पाणी जसं दिसते तसं दुपारी दिसत नाही. विवेकसिंधू लिहिणाऱ्या मुकुंदराजांचं नाव या जागेशी जोडलेलं आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या अगदी जुन्या ग्रंथाची आठवण इथे आहे अन् आपले पोट्टे फक्त पुलावर सेल्फी काढून परत येतात, याचं मला खरंच वाईट वाटते. मंदिरात दहा मिनिटं शांत बसा, मग पुलावर जा. 2024 मध्ये सुरू झालेला हा केबलचा पूल आहेच तसा देखणा, वर मनोऱ्यात गॅलरी आहे, ती त्या दिवशी उघडी आहे का ते तिथेच विचारून घ्या. महाशिवरात्रीला इथे गर्दी राहते, निवांत फिरायचं असेल तर तो दिवस टाळा.

जेवण घरूनच न्या. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी अन् लाखोरीच्या डाळीचे वडे, हे वडे थंडही चांगले लागतात. प्लास्टिकच्या प्लेटा नको, पळसाच्या पत्रावळी घ्या, अन् कचरा पिशवीत भरून घरी आणा.

दुपारी गोसेखुर्द. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं, 33 दरवाजांची ती रांग पाहिली की नदी किती मोठी आहे ते कळते. पण त्या निळ्या पाण्याखाली लोकांची घरं, शेतं, देवळं गेली आहेत, अन् तिथली माणसं आजूबाजूच्याच पुनर्वसनाच्या गावांत राहतात, तिथे चहाला थांबा अन् म्हाताऱ्या माणसांशी बोला, ते जे सांगतील ते कुठल्या बोर्डावर लिहिलेलं नाही. धरणाजवळ फोटो काढायच्या आधी गार्डला विचारा.

अन् एक गोष्ट कितीही पट्टीचे पोहणारे असाल तरी पाळा, धरणाच्या खालच्या बाजूला नदीत उतरू नका. दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढते, भोंगा वाजल्यावर पळू असं मनात धरून बसू नका. डोंग्यात बसायचं असेल तर लाइफ जॅकेट मागा, नसेल तर काठावरच बसा.

शेवटी पवनी. गावाला तीन बाजूंनी जुना तट अन् खंदक, चौथ्या बाजूला नदी. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये खोदकाम झालं तेव्हा बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, तेही सम्राट अशोकाच्या आसपासच्या काळातले. एवढं जुनं गाव आपल्या जिल्ह्यात आहे हे पोरांना सांगा. मग घाटावर बसून उरलेले वडे संपवा.

दिवस मावळायच्या आत परत निघा. इकडे जंगलपट्टा आहे, अंधारात रानडुकरं अन् निलगायी एकदम रस्त्यावर येतात, त्यामुळे गाड्या एकमेकांच्या नजरेत ठेवा, वेग कमी ठेवा, अन् घरी पोचलं की प्रत्येकाने ग्रुपवर मेसेज टाका.